अनियतकालिके आणि पत्त्यांची वही

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘लघुअनियतकालिकांची चळवळ’ हा घटक बहुधा असतोच. त्यावरचे उत्तरही आता ठरून गेले आहे : साठोत्तरी पिढी, प्रस्थापितांविरुद्धचे बंड, ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी, बोलीचा स्वीकार, आणि शेवटी ‘या चळवळीने मराठी साहित्याला नवे परिमाण दिले’ हे वाक्य. या उत्तराला गुण मिळतात. पण उत्तर लिहिणाऱ्याने आणि पुष्कळदा ते तपासणाऱ्यानेही एकही अनियतकालिक हातात धरलेले नसते. तो कागद केवढा होता, तो कुणी टाचला, पाकिटावर पत्ते कुणी लिहिले, तिकिटाचे पैसे कुठून आले, हे प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत येत नाहीत अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय नेमके हेच प्रश्न आहेत. माझे म्हणणे असे की, असे कागद निघतात ते वाचकांना एकमेकांचे पत्ते सापडतात म्हणून. बंड असलेच तर ते त्यानंतर येते, आणि प्रत्येक वेळी येतेच असेही नाही.

याचे एक स्वच्छ उदाहरण मराठीबाहेरचे आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता दिला जाई. संपादकाच्या लेखी ही किरकोळ बाब असावी. परंतु त्या पत्त्यांमुळे दूरदूरच्या गावी एकेकटे बसून या कथा वाचणारी मुले परस्परांना थेट पत्रे लिहू लागली. संपादक मधून गळाला. मे १९३० मध्ये शिकागोच्या अशाच एका पत्रमंडळाने ‘द कॉमेट’ नावाचा अंक काढला, आणि चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले पहिले नियतकालिक म्हणून त्याचीच नोंद केली जाते. अशा अंकांना ‘फॅनझीन’ हे नाव मात्र पुढे दहा वर्षांनी, १९४० साली, रस शोवेने या चाहत्याने दिले. वस्तू आधी आणि संज्ञा मागून, हा क्रम आपल्याही ओळखीचा आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन शाळकरी मित्रांनी १९३३ च्या सुमारास स्वतःच काढलेल्या अशाच अंकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम अवतरले, एवढे सांगितले की या उद्योगाला पोरखेळ म्हणणाऱ्यांचे समाधान व्हावे.

१९३७ साली तिथे एक हौशी प्रकाशनसंघ निघाला. त्याची रीत आपल्याकडच्या भिशीसारखी होती. प्रत्येक सभासदाने आपापला अंक काढायचा, सभासदसंख्येइतक्या प्रती एका टपालप्रमुखाकडे पाठवायच्या, त्याने सगळ्यांचा एकेक अंक घेऊन गठ्ठे बांधायचे आणि ते परत सर्वांना पाठवायचे. जो हप्ता भरणार नाही त्याचे नाव वहीतून कटणार. म्हणजे नुसता वाचक म्हणून राहण्याची मुभा नाही. वाङ्मयव्यवहाराची इतकी कडक लोकशाही मराठीत कधी रुजली नाही. रविकिरण मंडळाने १९२३ पासून पुण्यात चहाच्या बैठका, काव्यवाचन आणि स्वतःच स्वतःची पुस्तके छापणे असा घाट घातला होता खरा, पण तिथे ऐकणारे आणि म्हणणारे यांच्यात अंतर राहिले, आणि ते मंडळालाही हवेच होते.

मराठीतला प्रारंभ १९५४ सालचा धरतात. मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ प्रभृतींनी ‘शब्द’ हा सायक्लोस्टाइल केलेला अंक काढला. चित्र्यांचा जन्म १९३८ चा, म्हणजे त्यांनी सोळावे वर्ष नुकतेच गाठले असेल किंवा तेही नसेल. वयाच्या या आकड्याकडे आपले इतिहासकार कौतुकाने पाहून पुढे जातात. परंतु सोळा वर्षांच्या मुलाला कोणते मासिक पान देणार होते, आणि त्याला वाचणारे दहा-वीस जण कुठल्या मासिकाच्या वर्गणीदारांत होते, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. ‘शब्द’ने तो व्यवहारानेच सोडवला. वाचणारे आधी होते, त्यांच्यापुरत्या प्रती काढल्या.

सायक्लोस्टाइल हा शब्द आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागतो. मेण चढवलेला पातळ कागद, म्हणजे स्टेन्सिल, टंकयंत्रावर चढवायचा. यंत्राची फीत बाजूला करायची, म्हणजे खिळा थेट मेणावर आदळून अक्षराच्या आकाराचे छिद्र पडते. हाताने लिहायचे तर टोकदार लोखंडी लेखणी. मग ती स्टेन्सिल शाईच्या रुळावर ताणून बसवायची आणि हँडल फिरवायचे. छिद्रांतून शाई पाझरते आणि खालून सरकणाऱ्या कागदावर अक्षर उमटते. चूक झाली तर दुरुस्तीचा उग्र वासाचा द्रव लावून, तो वाळण्याची वाट पाहून, त्यावर पुन्हा खिळा मारायचा. एका स्टेन्सिलवर काहीशे प्रती निघत आणि शेवटच्या प्रती फिकट, फाटक्या अक्षरांच्या असत. या यंत्राला छापखाना लागत नाही, जुळारी लागत नाही, आणि महत्त्वाचे म्हणजे ते कुठल्यातरी कचेरीत, शाळेत किंवा कामगार संघटनेच्या कार्यालयात आधीपासून असते. प्रश्नपत्रिका आणि परिपत्रके काढणाऱ्या यंत्रावर कविता निघाली. अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी १९६५ मध्ये काढलेला इंग्रजी अंकही सायक्लोस्टाइलच होता. यंत्राचा हा सुगावा एका भाषेपुरता नव्हता.

तंत्राचा भाषेवर परिणाम होतो, हे आपण छंदांच्या बाबतीत मान्य करतो, यंत्राच्या बाबतीत करत नाही. स्टेन्सिलवर लांबलचक निबंध टंकणे ही शिक्षा आहे. छोटी कविता, चार ओळींची टिप्पणी, पत्र, टोला, यांना ती सोयीची. अनियतकालिकांतल्या गद्याचा तुटकपणा, त्यातली बोलल्यासारखी वाक्ये, यांचे श्रेय सगळे अस्तित्ववादाला देण्याची घाई करू नये.

‘शब्द’नंतर अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. त्याच सुमारास, १९६३ साली, ‘मनोहर’मध्ये त्यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख प्रसिद्ध झाला आणि गदारोळ झाला. पुढे औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, मुंबईत राजा ढाले यांचे ‘येरू’, चंद्रकांत खोत यांचे ‘अबकडई’, शिवाय ‘फक्त’, ‘भारुड’, ‘तापसी’, ‘आत्ता’. ही नावे नुसती मोठ्याने वाचून पाहावीत. ‘सत्यकथा’, ‘अभिरुची’ ही नावे उंबरठ्यावर उभी राहून आत कोण येतो ते पाहतात. ‘असो’ हा संभाषणातला सुस्कारा आहे. ‘वाचा’ म्हणजे वाणी की वाचण्याची आज्ञा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ‘येरू’ म्हणजे कुणीही सोम्यागोम्या. नाव ठेवण्याच्या कृतीतच वाचक कोण आहे याचा निर्णय झालेला दिसतो.

१९६९ साली गिरगावातल्या खटाववाडीत ‘सत्यकथे’चा अंक जाळला गेला. या प्रसंगाला परीक्षेत जेवढी जागा मिळते तेवढी त्याच वर्षांत निघालेल्या एकाही कवितेला मिळत नाही. प्रसंग नाट्यपूर्ण आहे, शिकवायला सोपा आहे, म्हणून तो टिकला. पण त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात एक चुकीचा हिशेब बसतो : अंक काढायचा तर आधी जाळण्याजोगे काही हवे. वस्तुस्थिती पाहिली तर या मंडळींना एकत्र आणणारी गोष्ट आवड होती. त्यांना तुकाराम आवडत होता आणि तो पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळा आवडत होता. भाऊ पाध्ये त्यांना आवडत होते, आणि ‘वासूनाका’वर अश्लीलतेची आरडाओरड होत असताना या वर्तुळाने पाध्यांना आपला लेखक मानले. प्रस्थापित समीक्षेने दुर्लक्षिलेल्या लेखकाला चार माणसे एकमेकांत वाचतात, त्याच्याबद्दल लिहितात, ते लिहिलेले आणखी दहांना पाठवतात. याला चाहतेपणा म्हणायचे नाही तर काय? ‘चाहता’ हा शब्द आपण सिनेमा नट आणि क्रिकेटपटू यांच्यासाठी राखून ठेवला आहे. साहित्यात ‘रसिक’ असतो. रसिक टाळी देतो, चाहता पदरचे पैसे घालतो.

सिनेमाचा उल्लेख आलाच आहे तर तिकडेही वळू. प्रभात चित्र मंडळ ही मुंबईची फिल्म सोसायटी १९६८ मधली. तिच्या ‘वास्तव रूपवाणी’त जाणत्या प्रेक्षकांनी प्रेक्षकांसाठीच लिहिलेले मराठी चित्रपटलेखन सापडते. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी सत्तरच्या दशकापासून ‘लिसनर्स बुलेटिन’ चालवले. जुनी हिंदी गाणी ऐकणारे देशभरचे श्रोते त्यात नोंदी पाठवत, चुका काढत, आणि त्या उठाठेवीतून ‘हिंदी फिल्म गीतकोश’ उभा राहिला. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिकासंग्राहकांची संस्था निघाली, तिचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ इंग्रजी असले तरी बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्यांचा शोध घेणाऱ्याला ते टाळता येत नाही. यांतल्या कुणी बंडाची घोषणा केली नाही, म्हणून त्यांचा उल्लेख अनियतकालिकांच्या शेजारी कुणी करत नाही. हा अन्याय नसला तरी दृष्टिदोष निश्चित आहे.

मराठवाड्याला या इतिहासात दोन मोठ्या नोंदी आहेत. एक ‘वाचा’ची. मुंबईबाहेर, तेव्हाच्या औरंगाबादेत, हा अंक निघू शकला आणि त्याच नावाच्या प्रकाशनाने १९७० साली नेमाड्यांचा ‘मेलडी’ हा संग्रह काढला. अंक काढणाऱ्यांनीच पुस्तक काढायचे, ही साखळी पुढे शहाण्यांच्या ‘प्रास’नेही चालू ठेवली, कोलटकरांच्या मराठी कविता पुस्तकरूपाने तिथूनच आल्या. दुसरी नोंद गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ची. साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे त्रैमासिक ‘लघु’ही नव्हते आणि ‘अनियत’ तर नव्हतेच. २०१८ साली पानतावणे गेले तोवर त्याला पन्नास वर्षे होत आली होती. तरीही पत्त्यांच्या वहीचा सर्वांत खोल अर्थ मला तिथेच दिसतो. ‘अस्मितादर्श’चे मेळावे गावोगाव भरत. ज्याची पहिली कविता छापून आली असा तालुक्याच्या गावचा शिक्षक आणि ती कविता वाचून पत्र पाठवणारा दुसऱ्या जिल्ह्यातला कारकून, हे दोघे त्या मेळाव्यात समोरासमोर येत. अंक आधी, माणसे मागून. दलित साहित्याच्या उभारणीत ग्रंथांइतकेच या भेटींनी काम केले, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

याच ठिकाणी एक अवघड गोष्ट नोंदवायला हवी. गाजलेल्या अनियतकालिकांच्या संपादकांत स्त्रीचे नाव शोधावे लागते. अड्डा, इराणी हॉटेल, रात्रीची भटकंती, ही त्यांच्या संघटनेची साधने. ती साधने कोणत्या मुलीला उपलब्ध होती? न्यूयॉर्ककडे ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रमालिकेवर १९६७ मध्ये निघालेला पहिला मोठा चाहता-अंक ‘स्पॉकनेलिया’ दोन तरुणींनी संपादित केला होता, आणि त्या मालिकेच्या चाहत्या-अंकांचा पुढचा सगळा पसारा मुख्यतः स्त्रियांनी सांभाळला, तो टपालाच्या जोरावर. घरातून न हलता करता येण्याजोगे ते काम होते. आपल्याकडे ‘बायजा’ (१९७७) आणि ‘मिळून साऱ्याजणी’ (१९८९) यांनी वाचकपत्रांना जी जागा दिली ती पाहता, पत्त्याच्या वहीचे मर्म त्यांना बंडखोर कवींपेक्षा अधिक कळले होते.

आता हे सगळे मांजरसुंब्यात बसून लिहिण्याचे प्रयोजन. बीडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या डोंगररांगेत, हे गाव दोन मोठ्या रस्त्यांच्या छेदावर आहे. एक रस्ता धुळे-सोलापूर. दुसरा पाटोदा-जामखेडकडून येऊन नेकनूर, केज, अंबाजोगाईकडे जाणारा. प्रवाशांच्या लेखी मांजरसुंबा म्हणजे धाबे, चहा आणि बदलायची गाडी. वाङ्मयीन नकाशावर ते नाही. परंतु आसपासच्या गावांतली मुले-मुली वरच्या शिक्षणासाठी याच चौकातून चारी दिशांना जातात, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या पिशवीत एक वही असते जिच्यात कविता असतात. हे विधान मी अंदाजाने करत नाही. वीस वर्षे अशा वह्या माझ्या टेबलावर येत आल्या आहेत.

या वह्यांसाठी महाविद्यालयांनी ठेवलेली सोय म्हणजे भित्तिपत्रक. भित्तिपत्रक हा एका प्रतीचा प्रकाशनव्यवहार आहे, आणि या भागात त्याची परंपरा मोठी आहे : अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून ठेवले. त्यांच्यासमोर निदान शिष्यवर्ग होता. आजचे भित्तिपत्रक काचेआड लागते, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्याचे अनावरण होते, छायाचित्र काढले जाते, ते मूल्यांकनाच्या अहवालात जोडले जाते आणि पुढच्या जयंतीला कागद उतरवला जातो. लिहिणाऱ्या मुलीला आपली कविता कुणी वाचली हे कळत नाही, कारण वाचणाऱ्याकडे तिचा पत्ता नसतो आणि तिच्याकडे वाचणाऱ्याचा. ती काच तेवढी काढली पाहिजे.

छापण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. ए-चार आकाराचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पाने होतात. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका अंगाला सोळावे आणि पहिले पान, दुसऱ्या अंगाला दुसरे आणि पंधरावे. शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज दर वेळी सतरा आली की मांडणी बरोबर. हाताने सुवाच्य लिहून घ्यावे. टंकलेखनात युनिकोड आणि जुन्या फॉन्टांच्या भांडणात जोडाक्षरे तुटतात आणि सगळ्या अंकाला एकच चेहरा येतो. दुमडीवर लांब हाताच्या स्टेपलरने दोन टाचण्या. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळी दिलेला अंक दुपारच्या गाडीला तयार असतो. अडचण येते ती पुढे, की या चाळीस प्रती कुणाला.

आणि या जिल्ह्यात तो प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा बिकट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधली ऊसतोड करणारी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा पत्ता म्हणजे कारखान्याचे नाव आणि मुकादमाचे नाव. वर्गातली काही मुले कोयत्याबरोबर जातात, काही आजीजवळ मागे राहतात. मासिक, द्वैमासिक, त्रैमासिक ही कालगणना त्यांच्या वर्षाला लागू पडत नाही. ‘अनियतकालिक’ हा शब्द मुंबईत पैशाच्या चणचणीमुळे आणि काहीसा मिजाशीने वापरला गेला. इथे त्याला वेगळा आशय मिळू शकतो : एक अंक गाड्या भरायच्या आधी, जाताना सोबत नेण्यासाठी, एक अंक परत आल्यावर, फडात जे लिहिले गेले त्याचा. मधल्या काळात मोबाइलवर पानांची छायाचित्रे जातील, ती जाऊ द्यावीत. पण थळात, फडावर, ज्या मुलाच्या हाती दुमडलेली सोळा पाने पडतील त्याला त्यावर पेन्सिलीने काही लिहून ती परत आणता येतील, आणि त्याचे उत्तर पुढच्या अंकात छापता येईल.

विषयाची भीती बाळगू नये. शाहिराचा, तमाशातल्या वगाचा, एखाद्या कादंबरीचा, कीर्तनकाराचा, दक्षिणी सिनेमाचा, कशाचाही अंक निघू शकतो. सरसकट ‘कविता, कथा, लेख पाठवा’ असे आवाहन केले की प्रेम आणि पाऊस येतो. ‘तुम्ही कुणाचे चाहते आहात आणि का’ असे विचारले की माणूस येतो. कायद्याची मात्र माहिती असावी. १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. ठरावीक मुदतीने निघणारे आणि चालू घडामोडींवर भाष्य करणारे प्रकाशन करायचे असेल तर नोंदणीचे नियम पाहूनच करावे.

राहता राहिला जपणुकीचा प्रश्न. आयोवा विद्यापीठाने रस्टी हेवेलिन या चाहत्याने जमवलेल्या हजारो फॅनझीनांचे संगणकीय जतन हाती घेतले. अंजली नेर्लेकर यांनी कोलटकर आणि मुंबईचे द्वैभाषिक वाङ्मयीन जग यावर २०१६ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि त्या कामाच्या ओघात जमलेली मुंबईच्या कवींची कागदपत्रे आज कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांनी ती वाचवली याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे. पण गिरगावात आणि औरंगाबादेत टाचलेले कागद पाहायला मराठीच्या विद्यार्थ्याला न्यूयॉर्क राज्यात जावे लागावे, ही गोष्ट आपल्या विद्यापीठीय मराठी विभागांना लागली पाहिजे. कित्येक जुन्या अंकांवर तारीखही नाही, कारण काढणाऱ्यांना आपण इतिहासात जाऊ असे वाटले नव्हते. तेव्हा मांजरसुंब्याहून जो अंक निघेल त्याच्या शेवटच्या पानावर गाव, तारीख आणि प्रतींची संख्या लिहावी, लोखंडी टाचणीऐवजी दोऱ्याने शिवलेल्या दोन प्रती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल-क्रमांक घालून ठेवाव्यात, आणि पत्त्यांची वही संपादक बदलला की पुढच्या संपादकाच्या हाती द्यावी.